शांतता शिबिरे : तीन आठवडे आणि त्यानंतरची वर्षे

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात ओटिसफील्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील तळ्याच्या काठी लाकडी खोल्यांची एक ओळ असून 'सीड्स ऑफ पीस' या संस्थेच्या उन्हाळी शिबिरांत या खोल्यांमधील खाटांवर इस्रायली आणि पॅलेस्टिनी किशोरवयीन मुले शेजारीशेजारी झोपत आली आहेत. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, शेजारच्या खाटेवरील मुलगा रात्री काही करील अशी धास्ती वाटत होती, असे दोन्ही बाजूंच्या अनेक मुलांनी नंतर सांगितले आहे. निरोपाच्या दिवशी त्याच मुलांना रडू आवरत नाही, हेही तितक्याच वेळा नोंदले गेले आहे.

या दोन प्रसंगांमधील काळ साधारण तीन आठवड्यांचा. त्या तीन आठवड्यांविषयी जगभरातील वृत्तपत्रांनी भरभरून लिहिले, चित्रवाहिन्यांनी कार्यक्रम केले. मुले घरी परतल्यावर काय झाले, याविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० जण मारले गेले आणि २५१ जणांना ओलीस धरून नेण्यात आले. त्यानंतरच्या इस्रायली लष्करी कारवाईत, गाझामधील आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार, ऑक्टोबर २०२५मध्ये युद्धविराम होईपर्यंत ६७ हजारांहून अधिक लोकांचा बळी गेला. या संहाराच्या पार्श्वभूमीवर एक प्रश्न पुन्हा विचारला जात आहे. तीस वर्षे ही शिबिरे चालली, त्यातून निष्पन्न काय झाले? आणि दूरदेशीचे जे तरुण स्वखुशीने अशा शिबिरांत राबायला जातात, त्यांच्या श्रमाचा उपयोग नेमका कोणाला होतो, मुलांना की त्यांचा त्यांनाच?

या शिबिराची कल्पना जॉन वॉलक या अमेरिकी पत्रकाराची. 'हर्स्ट' वृत्तपत्रसमूहाचे परराष्ट्र संपादक म्हणून त्यांनी अनेक वर्षे पश्चिम आशियाचे वार्तांकन केले होते. फेब्रुवारी १९९३मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर वॉलक यांनी इस्रायल, इजिप्त आणि पॅलेस्टिनी नेतृत्वाला आपापली मुले पाठवण्याची विनंती केली आणि त्या उन्हाळ्यात ४६ मुले मेन राज्यात दाखल झाली. योगायोग असा की, ओस्लो येथील गुप्त वाटाघाटीही त्याच सुमारास फळाला आल्या. १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर यित्झाक राबिन आणि यासर अराफत यांनी हस्तांदोलन केले, तेव्हा ही मुले निमंत्रितांमध्ये उपस्थित होती.

संस्थेचा जन्म असा आशेच्या मुहूर्तावर झाला. हा मुहूर्तच पुढे तिची अडचण ठरला, असे म्हणावे लागते. करार तर होणारच आहे, आपण केवळ त्यानंतरच्या जगासाठी मुलांना तयार करायचे आहे, हे त्या वेळचे गृहीतक होते. नोव्हेंबर १९९५मध्ये राबिन यांची हत्या झाली. २०००च्या उन्हाळ्यात कॅम्प डेव्हिडची बोलणी फिसकटली आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्या इंतिफादाला तोंड फुटले. वॉलक यांचे २००२मध्ये निधन झाले. शिबिर मात्र चालू राहिले. तोपर्यंत त्यात सायप्रस, बाल्कन प्रदेश, भारत आणि पाकिस्तान येथील मुलांचीही भर पडली होती. ज्या करारासाठी मुलांची तयारी करून घ्यायची तो करारच दृष्टिपथात नसताना शिबिर कशासाठी, या प्रश्नाला तेव्हापासून बगल देता आलेली नाही.

या क्षेत्रात काम करणारी ही एकमेव संस्था नव्हे, किंबहुना सर्वांत जुनीही नव्हे. जेरुसलेम आणि तेल अवीव यांच्या दरम्यान, लात्रूनच्या मठाजवळ, ब्रूनो हुसार या धर्मगुरूच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात ज्यू आणि अरब कुटुंबांचे एक गाव वसले. त्याचे हिब्रू नाव 'नेवे शालोम' आणि अरबी नाव 'वाहत अल-सलाम'. दोहोंचा अर्थ शांतीचे मरुद्यान असाच. या गावाने १९७९मध्ये 'शांतता शाळा' सुरू केली. गिवत हविवा येथील ज्यू-अरब केंद्र त्याहूनही जुने आहे. जेरुसलेममध्ये २००२ साली सुरू झालेली 'किड्स फॉर पीस' ही संस्था ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम मुलांना एकत्र आणत असे. ती २०२०मध्ये 'सीड्स ऑफ पीस'मध्ये विलीन झाली.

महाराष्ट्रातील वाचकाला सोमनाथची श्रमसंस्कार छावणी किंवा राष्ट्र सेवा दलाची शिबिरे परिचित आहेत. एकत्र राहणे, एकत्र राबणे, रात्री गाणी म्हणणे, हा साचा या शिबिरांतही आढळतो. फरक आहे तो परतीच्या वाटेचा. सोमनाथहून परतलेले दोन तरुण पुढच्या महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात सहज भेटू शकतात. ओटिसफील्डहून परतलेली दोन मुले परस्परांपासून तासाभराच्या अंतरावर राहत असूनही भेटू शकतीलच, असे नाही.

खाटांची यादी

वैरी मानलेल्या समूहातील माणसाशी निकटचा संबंध आला की पूर्वग्रह विरतो, या समजुतीवर ही सर्व शिबिरे उभी आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली 'द नेचर ऑफ प्रेज्युडिस' या ग्रंथात तिला शास्त्रीय रूप दिले; मात्र नुसता संबंध पुरेसा नाही, हेही त्याने त्याच ग्रंथात बजावले होते. दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते साधण्यासाठी परस्परांवर अवलंबून राहणे भाग पडावे आणि वरच्या अधिकाऱ्यांचा, कायद्याचा वा रूढीचा या साऱ्याला पाठिंबा असावा, अशा त्याच्या अटी होत्या.

त्याच वर्षी मुझफ्फर शेरीफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या संशोधकाने ओक्लाहोमामधील एका शिबिरात २२ मुलांवर प्रयोग केला. आधी त्यांचे दोन गट पाडून स्पर्धेतून वैर वाढवले आणि नंतर पाणीपुरवठा बंद पडणे, मालमोटार अडकणे अशी संकटे योजून त्यांना एकत्र कामाला लावले. वैर बरेचसे ओसरले. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत अजरामर झाला, पण त्यातील एक गोष्ट विसरली जाते. ती सारी मुले एकाच वर्णाची, एकाच धर्मपंथाची आणि एकाच आर्थिक थरातील होती. त्यांच्यात ना कोणी निर्वासित होता, ना कोणाच्या भावाच्या हाती बंदूक होती. शिवाय वैर वाढवण्यात शिबिरचालकांचाच हात होता.

इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांबाबत अलीकडे झालेले संशोधन अधिक उपयोगी आहे. ज्युलियाना श्रोडर आणि जेन राइझन या संशोधिकांनी 'सीड्स ऑफ पीस'च्या शिबिरार्थींची मते शिबिरापूर्वी, शिबिर संपताना आणि काही महिन्यांनंतर, अशी तीनदा तपासली. शिबिराच्या अखेरीस परक्या गटाविषयीची भावना बरीच निवळलेली दिसली. घरी परतल्यावर त्यातील काही भाग पुन्हा ओसरला, परंतु सर्व नाही. ज्यांना पलीकडच्या गटातील एखादा तरी जवळचा मित्र मिळाला होता, त्यांच्यात हा बदल अधिक मोठा होता आणि तो अधिक टिकला. सर्वांशी थोडी थोडी ओळख होण्यापेक्षा एका मुलाशी घट्ट मैत्री होणे अधिक मोलाचे, असा याचा अर्थ होतो.

ही मैत्री होते कशी, याचे उत्तर याच शिबिरावरील २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात मिळते आणि ते काहीसे अनपेक्षित आहे. एकाच खोलीत झोपणाऱ्या, एकाच मेजावर जेवणाऱ्या किंवा एकाच चर्चागटात बसणाऱ्या मुलांमध्ये मैत्री जुळण्याची शक्यता वाढते, हे तर स्वाभाविकच. पण या सहवासाचा परिणाम एकाच समाजातील मुलांपेक्षा ज्यू-पॅलेस्टिनी जोड्यांवर अधिक होतो, असे आढळले. आपल्याच समाजातील मित्र मूल स्वतः शोधते. पलीकडचा मित्र त्याला कोणीतरी शेजारी आणून ठेवल्याशिवाय मिळत नाही.

याचा साधा निष्कर्ष असा की, शांतता शिबिरातील सर्वांत प्रभावी दस्तऐवज म्हणजे घोषणापत्र किंवा प्रार्थना नव्हे, तर कोणाची खाट कोणाशेजारी आणि जेवणाच्या मेजावर कोणाची जागा कुठे, हे ठरवणारी यादी. ती तयार करण्याचे, ती मोडू न देण्याचे आणि पहिल्या रात्री खोली बदलून मागणाऱ्या मुलाची समजूत काढण्याचे काम शिबिरातील तरुण कार्यकर्त्यांकडेच असते.

स्वयंसेवकाच्या वाट्याला

स्वयंसेवा करण्यासाठी परदेशी जाण्याची परंपरा युद्धाच्या भग्नावशेषांतूनच सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०मध्ये, पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने व्हर्दूनच्या रणभूमीजवळील एक उद्ध्वस्त खेडे उभारण्यासाठी वेगवेगळ्या देशांतील स्वयंसेवक जमवले. त्यांत कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था त्यातूनच आकाराला आली. बिहारमध्ये १९३४ साली झालेल्या भूकंपानंतर सेरेसोल मदतीसाठी भारतात आले होते. जर्मनीतील 'अक्त्सिओन झ्यूनेत्साइखेन' ही संस्था नाझी अत्याचारांच्या प्रायश्चित्ताच्या भावनेतून १९६१पासून इस्रायलमध्ये तरुण स्वयंसेवक पाठवत आली. मुलांची आंतरराष्ट्रीय शिबिरे भरवणारी 'सीआयएसव्ही' ही संघटना डॉरिस ॲलन या मानसशास्त्रज्ञ महिलेने स्थापन केली. तिचे पहिले शिबिर १९५१मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे झाले; तिच्या शाखा आज भारतातही आहेत.

ज्यू आणि अरब मुलांच्या शिबिरात जाणाऱ्या परदेशी तरुणाची कल्पना बहुधा अशी असते की, तो दोन बाजूंमध्ये दुवा होईल. प्रत्यक्षात त्याच्या हाती पोहण्याच्या वेळी तळ्याकाठी पहारा, भांडी घासणे, चेंडू आणि रंगांच्या डब्यांचा हिशेब, ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसणे आणि रात्री दिवे मालवणे ही कामे येतात. ज्या चर्चासत्रांसाठी शिबिर प्रसिद्ध असते, त्यांत त्याला सामान्यतः प्रवेश नसतो. ती सत्रे प्रशिक्षित संवादक चालवतात. बहुधा एक ज्यू आणि एक अरब. हा नियम मुलांच्या हिताचाच आहे.

मेनमधील शिबिरात रोज दीड तासाहून अधिक काळ चालणाऱ्या या सत्रांत गोडीगुलाबी नसते. १९४८ हे वर्ष एका बाजूला स्वातंत्र्याचे, तर दुसऱ्या बाजूला 'नकबा'चे, म्हणजे महाअरिष्टाचे; त्या वर्षी सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. ज्यू मूल साठ लाखांच्या वंशसंहाराची स्मृती घेऊन बसलेले असते, पॅलेस्टिनी मूल लष्करी चौकीवरच्या अपमानाची. आवाज चढतात, कोणी दार आपटून बाहेर पडते. अशा वेळी बाहेर उभ्या असलेल्या विशीतल्या स्वयंसेवकाला दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून 'आपण सारी माणसेच ना' असे म्हणण्याचा मोह होतो. नेवे शालोमच्या शांतता शाळेने नेमक्या याच वृत्तीवर टीका केली आहे. व्यक्ती-व्यक्तींत मैत्री जुळवून दोन समाजांमधील सत्तेची विषमता झाकली जाते, असे तेथील शिक्षकांचे म्हणणे. रबाह हलाबी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात हा अनुभव सविस्तर मांडला आहे. या शाळेत म्हणूनच मुलांना आधी आपल्या गटाचा भाग म्हणून बोलू दिले जाते, काही सत्रे तर ज्यूंची वेगळी आणि अरबांची वेगळी घेतली जातात.

एमिल ब्रूनो आणि रेबेका सॅक्स यांच्या २०१२मधील संशोधनाने या भूमिकेला वेगळ्या वाटेने बळ दिले. बलिष्ठ गटातील व्यक्तीचे मत समोरच्याची बाजू ऐकून घेतल्याने निवळते. दुर्बल गटातील व्यक्तीचे मत मात्र आपली बाजू कोणीतरी नीट ऐकून घेतली, या अनुभवाने अधिक निवळते, असे त्यांना आढळले. दोघांनाही एकच औषध देऊन चालत नाही. दोन्ही मुलांना 'एकमेकांचे ऐका' असा समान उपदेश करणारा स्वयंसेवक न्यायी दिसतो, पण त्याचा तराजू आधीच कललेला असतो.

भाषेचा मुद्दाही येथे नोंदवायला हवा. मेनमधील शिबिराची भाषा इंग्रजी. तीत आपले दुःख सांगू शकणारी मुले दोन्ही समाजांतील सुस्थित, चांगल्या शाळांत शिकणारी असण्याचा संभव अधिक. निर्वासितांच्या छावणीत वाढणारा किंवा नेगेवमधील एखाद्या दरिद्री वस्तीतला मुलगा तिथपर्यंत पोहोचणे अवघड. परदेशी स्वयंसेवकाला इंग्रजी सोयीची वाटते, परंतु खरे बोलणे रात्री, दिवे मालवल्यावर, हिब्रूत आणि अरबीत होते आणि ते त्याला कळत नाही. त्याचे न कळणे कधीकधी मुलांच्या पथ्यावर पडते, हा भाग निराळा.

आणखी एक गोष्ट छायाचित्रांची. मिठी मारलेल्या दोन मुलांचे छायाचित्र देणगीदारांना आवडते आणि परतलेल्या स्वयंसेवकालाही ते मिरवावेसे वाटते. पण तेच छायाचित्र नाब्लुस किंवा हेब्रॉनमध्ये पोहोचले, तर त्या पॅलेस्टिनी मुलावर 'ततबी'चा, म्हणजे जे अन्याय्य आहे त्याला सामान्य मानल्याचा, ठपका येऊ शकतो. इस्रायली मुलालाही वर्गात देशद्रोही म्हणून हिणवले जाऊ शकते. समाजमाध्यमांच्या काळात ही जोखीम कितीतरी पटींनी वाढली आहे आणि ती मूल पत्करते, छायाचित्र काढणारा नव्हे.

फाटकाबाहेर

असील असलेह हा गलीलमधील अराबा गावचा मुलगा. तो इस्रायलचा अरब नागरिक आणि 'सीड्स ऑफ पीस'चा उत्साही कार्यकर्ता होता. दुसऱ्या इंतिफादाच्या पहिल्याच आठवड्यात, २ ऑक्टोबर २००० रोजी, गावाजवळील निदर्शनांच्या वेळी पोलिसांच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि त्याच्या अंगात शिबिराचा हिरवा सदरा होता. त्या ऑक्टोबरमध्ये मारल्या गेलेल्या १३ जणांच्या मृत्यूची चौकशी ओर आयोगाने केली. २००३मधील अहवालात पोलिसांवर ताशेरे ओढण्यात आले, परंतु २००८मध्ये महाधिवक्त्यांनी कोणावरही आरोपपत्र न ठेवता प्रकरण बंद केले. असीलच्या ज्यू मित्रमैत्रिणींनी त्याच्यासाठी शोक केला. त्यांपैकी अनेकांना काही वर्षांतच सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल व्हायचे होते.

शिबिरात समान वाटणाऱ्या मुलांच्या वाटा येथे वेगळ्या होतात. इस्रायली ज्यू मूल १८व्या वर्षी सैन्यात जाते. पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनी मुलाला इस्रायलमध्ये पाऊल टाकायला परवाना लागतो आणि ऑक्टोबर २०२३पासून असे परवाने मिळणे जवळपास बंद झाले. उलट दिशेनेही अडसर आहेच. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या ताब्यातील 'ए' विभागात जाण्यास इस्रायली नागरिकांना लष्करी आदेशाने मनाई असून, तसे बजावणारे मोठे लाल फलक रस्त्यांवर लावलेले आहेत. ऑलपोर्टची शेवटची अट आठवावी : वरून मिळणारा पाठिंबा. येथे वरून मिळतो तो अडथळा.

इस्रायलच्या हद्दीत, जेथे ज्यू आणि अरब दोघेही एकाच देशाचे नागरिक आहेत, तेथेही मुले क्वचितच भेटतात. लोकसंख्येत अरबांचे प्रमाण सुमारे एकपंचमांश आहे, पण शाळा वेगळ्या. बहुसंख्य मुले केवळ हिब्रू किंवा केवळ अरबी माध्यमात शिकतात. लोद शहराचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल, कारण कोकणातून गेलेल्या मराठी भाषक बेने इस्रायली कुटुंबांची तेथे मोठी वस्ती आहे. ज्यू आणि अरब एकाच शहरात राहत असूनही मे २०२१मध्ये तेथे भीषण दंगल उसळली, प्रार्थनास्थळे आणि वाहने पेटवली गेली, दोन्ही समाजांतील माणसे दगावली. १९९८पासून द्विभाषिक शाळा चालवणाऱ्या 'हँड इन हँड' या संस्थेचा मार्ग म्हणूनच शिबिरापेक्षा खडतर, पण अधिक पक्का मानला जातो. तेथे मूल तीन आठवडे नव्हे, तर वर्षानुवर्षे रोज शेजारी बसते. तिच्या जेरुसलेममधील शाळेचा एक वर्ग नोव्हेंबर २०१४मध्ये जाळण्यात आला होता.

मग शिबिरे निष्फळ ठरली काय? नेड लाझरस यांनी 'सीड्स ऑफ पीस'च्या पहिल्या दशकातील शेकडो इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिबिरार्थींचा अनेक वर्षे मागोवा घेतला. ते स्वतः या संस्थेत काम करून गेलेले, म्हणून त्यांचा निष्कर्ष थोडा सावधपणे घ्यावा. पण तो संस्थेची भलामण करणारा नाही. निम्म्याहून अधिक मुले परतल्यावर काही काळ तरी दोन्ही समाजांमधील शांतताकार्यात राहिली. विशी ओलांडल्यावरही ते काम करत राहिलेल्यांचे प्रमाण मात्र सुमारे एकषष्ठांशावर आले. मुले टिकण्यात घरी परतल्यानंतरच्या उपक्रमांचा वाटा मोठा होता. संस्थेने १९९९मध्ये जेरुसलेममध्ये केंद्र उघडले, तेथे मुलांना पुन्हा भेटण्याची सोय झाली. इंतिफादा पेटल्यावर तीच सोय सर्वांत आधी कोलमडली.

एकषष्ठांश हे प्रमाण थोडे की फार, हे ज्याच्या त्याच्या अपेक्षेवर अवलंबून आहे. शिबिरातून शांतता करार निघेल, अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांच्या दृष्टीने ते नगण्य. परंतु ज्या समाजांत पलीकडच्या माणसाचे नाव घेऊन बोलणेही जोखमीचे झाले, तेथे इतकी माणसे प्रौढपणीही हे काम करत राहिली, ही किरकोळ बाब मानता येणार नाही. त्या कामाची किंमतही त्यांनी मोजली आहे. गाझातील रुग्णांना इस्रायली इस्पितळांत नेण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्या व्हिव्हियन सिल्व्हर ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यात बेएरी किबुत्झमध्ये मारल्या गेल्या. त्याच वर्षी, त्या हल्ल्यापूर्वीच, इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयाने दोन्ही बाजूंच्या शोकग्रस्त कुटुंबांच्या 'पेरेंट्स सर्कल' या मंचाला शाळांतील मान्यताप्राप्त उपक्रमांच्या यादीतून वगळले होते.

पैशाची बाजूही आता अवघड झाली आहे. अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२०मध्ये इस्रायली-पॅलेस्टिनी लोकसंपर्काच्या कार्यासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर देण्याचा कायदा केला होता. त्यातील मोठा वाटा 'यूएसएड' या शासकीय संस्थेमार्फत जायचा होता. ती संस्थाच १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. अशा वेळी संस्थांना बिनपगारी परदेशी हात अधिक हवेसे वाटतील, हे उघड आहे. परंतु पैशाअभावी आधी बंद पडतात ते वर्षभराचे पाठपुरावा उपक्रम, उन्हाळ्याचे शिबिर नव्हे; कारण शिबिराला देणगीदार मिळतो, जानेवारी महिन्यातील मंगळवारच्या बैठकीला मिळत नाही.

भारतीय वाचकाला हा विषय केवळ परका वाटू नये, याला कारण आहे. मेनमधील शिबिरात २००१पासून भारत आणि पाकिस्तानातील मुलेही सहभागी होऊ लागली. भारतातील मुले प्रामुख्याने मुंबईची, पाकिस्तानातील लाहोरची. सुरुवातीच्या काळात या मुलांनी परस्परांच्या शहरांत, परस्परांच्या घरी पाहुणचारही घेतला. एप्रिल २०२५मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि अटारीची सीमाचौकी बंद झाली. सुरक्षेच्या दृष्टीने घेतलेल्या या निर्णयांची चर्चा हा येथील विषय नाही. तथापि भेटीची जागा तिसऱ्या देशातच उरते तेव्हा शिबिराच्या मर्यादा काय असतात, हे मुंबईतील काही पालकांना इस्रायली-पॅलेस्टिनी पालकांइतकेच कळू शकेल.

भारतातून अशा कामासाठी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांची संख्या मोठी नसली तरी ती आहे. इस्रायलमध्ये स्वयंसेवा करण्यासाठी वेगळ्या प्रकारचा व्हिसा लागतो; पर्यटक म्हणून जाऊन काम करता येत नाही. जून २०२५मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यातील युद्धाच्या वेळी भारताला 'ऑपरेशन सिंधू' राबवून दोन्ही देशांतून आपल्या नागरिकांना परत आणावे लागले होते, हे ध्यानात घेता परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहिल्याशिवाय तिकीट काढणे शहाणपणाचे नाही. अमेरिका किंवा युरोपात भरणाऱ्या शिबिरांसाठी ही अडचण कमी आहे.

अर्ज भरण्यापूर्वी संस्थेला विचारण्याजोगे प्रश्न मात्र सर्वत्र सारखेच. चर्चासत्रे कोण चालवतो आणि त्याचे प्रशिक्षण कोठे झाले? कार्यकर्त्यांमध्ये दोन्ही समाजांतील माणसे किती आणि निर्णय कोणाच्या हाती? मुलांची छायाचित्रे कोण, कशासाठी वापरतो? आणि गेल्या वर्षीची मुले शिबिरानंतर एकमेकांना किती वेळा, कोठे भेटली? या शेवटच्या प्रश्नाला जी संस्था तारखांसह उत्तर देते, तिच्याकडे उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात जाण्याची तयारी दाखवावी. त्या दिवसांत छायाचित्रे काढण्याजोगे तेथे फारसे काही नसते; बैठकीच्या खोलीची चावी सांभाळणे, परवान्याचे अर्ज भरून देणे आणि कोणी आले नाही तर फोन करणे, एवढीच कामे असतात.